लेसरनंतरची त्वचा, नाशिकचं ऊन आणि घरचे सल्ले

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. परवा धाकट्या भावाच्या चेहऱ्यावर फ्रॅक्शनल सीओटू लेसर झालं, गालांवरच्या मुरुमांच्या खड्ड्यांसाठी. डॉक्टर जाणते आहेत, पण दवाखान्यात गर्दी होती आणि निघताना एवढंच कळलं की ऊन टाळा, मलम लावा, खाजवू नका. चेहरा लालबुंद आहे, थोडी सूज आहे, गालांवर बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात आणि हात लावला की खरखरीत लागतं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आजी म्हणते साय-हळद लाव. आत्या कुंडीतली कोरफड तोडून घेऊन आली. शेजारच्या काकू म्हणतात काहीच लावू नका, वारा लागू दे, खपली धरेल आणि पडेल. तो अंबडला कंपनीत आहे, रोज बाइकवर जातो, सोमवारपासून कामावर हजर व्हायचंय. रंगपंचमी तीन आठवड्यांवर आणि त्याचं स्वतःचं लग्न वैशाखात. डॉक्टरांनी दुसरं सिटिंग सहा आठवड्यांनी सांगितलंय, म्हणजे बरोबर लग्नाच्या महिनाभर आधी. ते करावं का, हा माझा खरा प्रश्न. ज्यांनी केलंय, ज्यांच्या घरात झालंय, त्यांनी हातचं न राखता लिहा.

सातपूरकर

वाचतोय. माझेही खड्डे कॉलेजपासून तसेच आहेत, करावं की नाही ठरत नाही.

उंटवाडीची_लेक

ताई, माझं झालंय, खड्ड्यांसाठीच. सगळ्यात आधी सांगते, पहिल्या दोन दिवसांत आरशात बघून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सूज जास्त वाटते, डोळ्यांखाली उतरते. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायला सांगा, सकाळी फरक दिसेल. अभ्रा रोज धुतलेला हवा.

धुण्याची पद्धत लिहिते, कारण तिथेच गडबड होते. आधी हात साबणाने धुवायचे. उकळून गार केलेलं पाणी आणि बिनसुगंधाचा सौम्य क्लेन्झर. बोटांच्या टोकांनी नुसतं फिरवायचं, घासायचं अजिबात नाही. मग धुतलेल्या मलमलच्या कापडाने टिपून घ्यायचं. टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात. त्वचा किंचित ओलसर असतानाच पांढऱ्या व्हॅसलिनचा पातळ थर. घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेली डबी वापरू नका, नवीन ट्यूब आणा. चेहरा कोरडा ताणल्यासारखा वाटला की पुन्हा थर द्यायचा.

जळजळ झाली तर गार पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ घडी ठेवा. बर्फ थेट लावू नका.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते ठिपके तपकिरी होतात आणि चहाच्या चोथ्यासारखे धुताना आपोआप सुटतात. नख लावून एकही काढायचा नाही. खाज खूप येते, विशेषतः रात्री. मी हातात सुती मोजे घालून झोपायचे.

पंचवटीकर_जुना

मतभेद नोंदवतो. आमच्या पिढीने गुडघे फोडून घेतले, त्यावर कधी व्हॅसलिन थापलं नाही. जखम उघडी ठेवली की सुकते, ओली ठेवली की चिघळते. शेजारच्या काकू चुकीचं बोलत नाहीत.

त्वचा_निवासी

मी त्वचारोगशास्त्रात एमडी करतेय, म्हणून जरा सविस्तर. भावाला न बघता लिहितेय, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

सीओटू लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा किरण पाणी शोषून घेतं आणि त्वचेत पाणी भरपूर, त्यामुळे किरण पडतो तिथल्या पेशींची क्षणात वाफ होते. जुन्या पद्धतीत वरचा सगळा थरच काढायचे. मग दोन आठवडे चेहरा उघडा आणि लाली कित्येक महिने. फ्रॅक्शनल पद्धत २००४ मध्ये मांडली गेली. तिच्यात ठरावीक अंतराने बारीक उभी छिद्रं पडतात आणि मधली त्वचा शाबूत राहते. त्या शाबूत भागातून आणि केसांच्या मुळांतून नव्या पेशी सरकत येतात आणि छिद्र भरतं. चेहऱ्यावर केसांची मुळं दाट, म्हणून चेहरा साधारण आठवड्यात भरतो. मानेला जास्त वेळ लागतो.

@पंचवटीकर_जुना काका, या सरकणाऱ्या पेशींना ओलावा लागतो. वर कोरडी खपली झाली की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर हे दाखवलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमा उघड्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने भरल्या. गुडघा उघडा ठेवूनही बरा होतो हे खरंच आहे, पण गुडघ्यावर वण राहिला तर चालतो. इथे वण घालवण्यासाठीच सगळा खटाटोप केलाय.

अँटिबायोटिक मलम व्हॅसलिनपेक्षा भारी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. १९९६ मध्ये अमेरिकेत छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांवर तुलना झाली, एका गटाला साधं पांढरं पेट्रोलॅटम (म्हणजे व्हॅसलिनच), दुसऱ्याला बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम. जंतुसंसर्गात लक्षणीय फरक पडला नाही, ॲलर्जी मात्र बॅसिट्रॅसिनच्या गटात निघाली. त्या जखमा लेसरच्या नव्हत्या, पण घरात पडलेलं जुनं मलम काढून चोपडू नये याला एवढं कारण पुरेसं आहे. निओमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचीही ॲलर्जी पुष्कळांना असते. डॉक्टरांनी जे लिहून दिलंय तेच लावा.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढायला लागलं, पू दिसला, पिवळट ओली खपली धरली, ताप आला तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट भावाला आजच विचारा. पूर्वी कधी तापात किंवा उन्हातून आल्यावर ओठांच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड यायचे का? तो हर्पिसचा विषाणू अंगात दबून असतो, लेसरनंतर डोकं वर काढतो आणि उघड्या त्वचेवर झपाट्याने पसरून व्रण ठेवून जातो. असा इतिहास असेल तर एसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या आधीपासून देतात.

गोदाकाठची

@त्वचा_निवासी, बरं झालं विचारलंत! त्याला बारावीत असे फोड आले होते, नंतरही अधूनमधून यायचे म्हणतो. त्याला वाटायचं उष्णता आहे. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी आज रात्रीपासून गोळ्या सुरू करायला सांगितल्या आणि उद्या दाखवायला बोलावलंय. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पंचवटीकर_जुना

डॉक्टरबाई, पटलं. वणाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. काकूंना मी समजावतो असं समजा.

निफाडची_थंडी

आमच्याकडे लेसर नाही, पण पुतणीचं केमिकल पील झालं होतं, त्यावरून लिहितो. घर द्राक्षबागेला लागूनच. ती बरी होत असताना गंधकाची धुरळणी चालू होती आणि वाऱ्याने ती भुकटी ओट्यापर्यंत यायची. तिचा चेहरा पुन्हा लाल झाला. गंधक धडधाकट कातडीलाही झोंबतं, मग अशा कातडीचं काय. तिला पिंपळगावला मामाकडे पाठवलं, तिथे शांत झालं. द्राक्षपट्ट्यातल्या कुणी करणार असाल तर फवारणीचे दिवस बघून करा. आमचं खरड छाटणी-गोडी छाटणीचं, म्हणजे द्राक्षवेलींच्या वर्षातल्या दोन छाटण्यांचं, वेळापत्रक पाठ असतं, त्यात हेही बसवता येतं.

आयुर्वेदप्रेमी

व्हॅसलिन शेवटी खनिज तेलाचंच. शतधौत घृत का नाही वापरत? तांब्याच्या ताटात शंभर वेळा पाण्याने फेटून धुतलेलं तूप. भाजल्यावर आपल्याकडे परंपरेने लावतातच. आणि हळद तर जंतुनाशक आहे.

त्वचा_निवासी

शतधौत घृताबद्दल मला आदर आहे, आजोळी केलेलं पाहिलंय. अडचण एवढीच की घरी फेटलेलं तूप निर्जंतुक नसतं आणि आत्ता त्या चेहऱ्यावर हजारो बारीक दारं उघडी आहेत. त्वचा पूर्ण भरल्यावर कोरडेपणासाठी लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून लावा.

हळदीत गुण आहेत, पण डब्यातली हळद म्हणजे दळलेली पूड, तिच्यात जंतू असू शकतात. उघड्या त्वचेवर तिचे कण अडकतात, आणि काहींना हळदीची ॲलर्जीही असते. कोरफडीचं पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो त्वचेला झोंबतो. घरी गर काढताना तो थोडाफार मिसळतोच. लिंबू तर कुणीही सुचवलं तरी नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की धडधाकट माणसालाही भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते काळे पडतात.

आजींना सांगा, साय भाकरीबरोबर खाऊ घाला. तो मान त्यांचाच.

इंदिरानगरची_सूनबाई

सगळे जखमेबद्दल बोलताय, मला पुढच्या महिन्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या घरात घोटाळा तिथे झाला. माझ्या जावेचं लेसर उत्तम झालं होतं. आठवड्यात चेहरा गुलाबी, नितळ. सगळे म्हणाले वा. ती रोज दुपारी लेकाला शाळेतून आणायला स्कूटीवर जायची. तीन-चार आठवड्यांनी गालांवर तपकिरी सावल्या दिसायला लागल्या, लेसरच्या चौकोनाच्या आकाराच्या. गव्हाळ-सावळ्या त्वचेला इजा झाली की ती असा रंग धरते, आणि तो लगेच नाही, इतक्या उशिरा दिसतो. तोपर्यंत माणूस बेफिकीर झालेला असतो.

पुढचं जास्त वाईट. डॉक्टरांकडे जायच्या ऐवजी कुणीतरी सांगितलेली गोरं करायची ट्यूब मेडिकलमधून आणली. आठ दिवसांत डाग फिके. मग सोडलं की लाल, लावलं की बरं. नंतर पुरळ, बारीक केस, चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांच्या रेषा. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागितली की मिळतात. कृपा करून ट्यूबच्या मागचं नाव वाचा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी स्वतः, किती दिवस ते सांगून दिल्याशिवाय हात लावू नका. तिचा चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. तिला रडताना पाहिलंय म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

उंटवाडीची_लेक

+१. सूनबाईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

सातपूरकर

मग ऊन टाळायचं कसं? नोकरी सोडून घरी बसायचं का? नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा गार लागते म्हणून कळत नाही, पण मार्चपासून दुपारी द्वारका चौकात सिग्नलला उभं राहून दाखवा.

त्वचा_निवासी

हवा गार म्हणून ऊन सौम्य, हाच गैरसमज नडतो. जाळणारे किरण उष्णतेवरून ओळखता येत नाहीत.

वरचा थर भरेपर्यंत, म्हणजे साधारण पहिला आठवडा, सनस्क्रीन लावत नाहीत. घरात राहायचं किंवा सावली, टोपी, छत्री. थर भरला की डॉक्टरांना दाखवून सुरू करायचं. सुरुवातीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं बरं, झोंबत नाही. किमान एसपीएफ ३०, शक्यतो ५०, आणि पाकिटावर PA (म्हणजे यूव्हीए या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण) या अक्षरांपुढे अधिकची चिन्हं जास्त असलेलं. आपल्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो, त्याला आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडतं. पुरुष त्याला मेकअप समजून टाळतात. भावाला सांगा, त्वचेच्या रंगाशी जुळलेलं घेतलं तर कुणाला कळणारही नाही.

प्रमाण: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. पाकिटावरचा एसपीएफ इतक्या जाड थरावरच मोजलेला असतो. हरभऱ्याएवढं लावून भागत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बसच्या खिडकीची काच यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते, त्यामुळे सिटीलिंकमध्येसुद्धा सावलीच्या बाजूची सीट धरा.

अंबड_शिफ्टवाला

भावाच्याच लाइनीतला आहे, तेव्हा कामाचं सांगतो. हेल्मेटच्या आतले गालाचे पॅड बरोबर लेसरच्या जागी घासतात. बऱ्याच हेल्मेटचे ते बटणावर निघतात. काढून साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. खपल्या असेपर्यंत बाइक नकोच, कंपनीची बस किंवा मित्राची गाडी बघा. हेल्मेटशिवाय जायचा विचार मात्र चुकूनही नको. मुली स्टोल घट्ट आवळून बांधतात, तसंही नको. मऊ सुती, सैल आणि रोज धुतलेला.

सुपरवायझरला सांगून भट्टी, वेल्डिंग, कूलंटचे शिंतोडे उडतात अशा मशीनपासून दोन आठवडे लांब राहा. घाम आणि उष्णतेने लाली वाढते. दाढी खपल्या पूर्ण पडेपर्यंत नाही, आणि नंतरही आधी ट्रिमर, ब्लेड डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. वाढलेल्या दाढीवर कुणी काही बोललं तर लग्नाची दाढी म्हणायचं.

गोदाकाठची

हेल्मेटचे पॅड काढून पाहिले, खरंच निघतात! धुतल्यावर पाणी इतकं काळं निघालं की आईने बादली लगेच ओतून टाकली. कंपनीने आठवडाभर स्टोअरला बसवायचं कबूल केलंय. आता रंगपंचमीचं सांगा. तो तिवंधा चौकातल्या रहाडीत दरवर्षी उतरतो, ऐकायला तयार नाही.

जुन्या_नाशकातला

अरे वा, रहाडीचा गडी! बाहेरच्या वाचकांसाठी: जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी आहेत, जमिनीत बांधलेले दगडी हौद. वर्षभर झाकलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंग कालवतात आणि मग त्यात धप्पा मारायचा. आमच्या घरची तर पोरं सोडा, साठीचे काका उतरतात.

तरीही या वर्षी नको. शेकडो लोक उतरलेलं ते पाणी आहे. पूजेला जाऊ दे, कट्ट्यावर टोपी घालून उभा राहू दे, नारळ त्याच्या हातून फोडा. त्याला मान मिळाल्याशी कारण.

त्वचा_निवासी

जुन्या नाशिककरांशी पूर्ण सहमत. तीन आठवड्यांनी त्वचा वरून भरलेली असते, पण आत कोलाजेनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) बांधणी तीन ते सहा महिने चालू असते आणि रंग धरायची भीती याच काळात सगळ्यात जास्त. रंग लागला की माणूस तो घासून काढतो, ते घासणं रंगाइतकंच वाईट.

भद्रकाली_२२

दुसऱ्या सिटिंगचं मूळ प्रश्नात होतं, त्यावर कुणी बोललंच नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत तर करून टाकावं. लग्नात चेहरा जास्त चांगला दिसेल, फोटो आयुष्यभर राहतात.

इंदिरानगरची_सूनबाई

माझं ठाम मत, नको. हिशोब मांडून बघा. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लेसर, म्हणजे भर उन्हाळा. लग्नघरात पत्रिका वाटायला फिरणं, बस्ता, कार्यालयाच्या खेपा. आणि काळे डाग उमटायचे असतील तर ते तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे अगदी हळदीच्या आसपास. फोटो आयुष्यभर राहतात, हेच माझंही म्हणणं.

त्वचा_निवासी

सहा आठवड्यांचं अंतर पुस्तकाप्रमाणे चुकीचं नाही, साधारण चार ते आठ आठवडे ठेवतात. सावळ्या त्वचेत आणि उन्हाळ्यात आम्ही ते वाढवतो. भावाच्या डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगितली होती का? बरेचदा रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. पहिल्या सिटिंगचा फायदा तसाही तीन महिन्यांपर्यंत वाढत राहतो, त्यामुळे थांबण्यात काही वाया जात नाही.

गोदाकाठची

डॉक्टरांनी बोलावलं होतं त्या भेटीत विचारलं. तारीख खरंच सांगितली नव्हती. ऐकल्यावर डॉक्टर स्वतःच म्हणाले, आता दिवाळीनंतर बघू. त्यांनी फोड येण्याची शक्यता, सनस्क्रीन, सगळं कागदावर लिहूनही दिलं. हळदीचं विचारलं तर म्हणाले, तोपर्यंत त्वचा भरलेली असेल, चेहऱ्याला विधीपुरतं बोट लावा, बाकी हळद हातापायांना, आणि दहा मिनिटांत साध्या पाण्याने धुवा. आत्याने लग्नाआधी ब्लीच आणि फेशियलचं पॅकेज बुक केलं होतं, ते त्याच्या नावाने रद्द करून तिच्याच नावावर केलं. ती खूश आहे.

एक नवीन प्रश्न: खपल्या पडल्यात, पण हनुवटीवर पांढरे मोहरीएवढे दाणे आलेत. हे काय?

उंटवाडीची_लेक

मलाही आले होते. मलम जाड बसलं की येतात, मिलिया म्हणतात. फोडू नका. खपल्या पडल्या असतील तर आता व्हॅसलिन कमी करून हलकं मॉइश्चरायझर चालेल का ते विचारा. माझे आपोआप गेले.

सातपूरकर

धागा वाचून मी पावसाळ्यानंतर करायचं ठरवलंय. पण सगळीकडे लेसरच्या पाट्या आहेत, पार्लरवरसुद्धा. डॉक्टर खरा कसा ओळखायचा?

त्वचा_निवासी

नावापुढची पदवी बघा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा जुनी डीव्हीडी. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, पाच मिनिटांचं काम. मुरुम अजून येत असतील तर आधी ते थांबवावे लागतील. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, कापल्यावर वण फुगत असेल, ओठांवर फोड येत असतील, तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. कानापुढे छोट्या जागेवर आधी चाचणी करून महिनाभराने पुढचं ठरवू असं म्हणून बघा. चांगला डॉक्टर त्याला नाही म्हणत नाही.

सातपूरकर

कानापुढची चाचणी लिहून घेतली. नोव्हेंबरमध्ये याच धाग्यावर कळवतो.